स्कोर किती आला?

गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊला मामेबहिणीचा फोन आला. घरात चौघांनाही ताप, खोकला, अंग नुसतं मोडून आलेलं, आणि तिचं पहिलंच वाक्य, "ताई, उद्या सकाळी तुझ्या सेंटरला आमचं चौघांचं एचआरसीटी करून देशील का गं, एकदा स्कोर कळला की जिवाला घोर नाही." एचआरसीटी म्हणजे छातीचं बारीक कापांचं सीटी स्कॅन, आणि स्कोर म्हणजे त्यावरून फुफ्फुस किती खराब झालंय त्याचा आकडा. तापाचा दुसरा दिवस, ऑक्सिजन सगळ्यांचा ९७-९८, धाप कुणाला नाही आणि चौघांतला एक सात वर्षांचा. मी नाही म्हणाले. ती जरा नाराज झाली, मग मी अर्धा तास तिला समजावत बसले आणि फोन ठेवल्यावर वाटलं की हे सगळं एकदा लिहूनच काढावं, कारण जानेवारी २०२५ मध्ये टीव्हीवर एचएमपीव्ही ह्या सर्दी-खोकल्याच्या व्हायरसच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हाही आमच्या काउंटरला असेच फोन येत होते, आणि प्रत्येक पावसाळ्यात, प्रत्येक थंडीत येतातच.

मी सांगली-मिरज भागात सीटी टेक्निशियन आहे. रिपोर्ट देणं माझं काम नाही, ते रेडिओलॉजिस्ट सर, म्हणजे एक्सरे-सीटी वाचणारे डॉक्टर, देतात, माझं काम पेशंटला टेबलावर नीट झोपवणं, श्वास धरायला लावणं आणि चांगल्या इमेज काढणं. पण कोविडच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, मी इतक्या छात्या बघितल्या की डोळे मिटले तरी ते पांढरे ढग दिसायचे.

एप्रिल २०२१ मध्ये आमच्याकडे पहाटे सहाला पहिला पेशंट टेबलावर असायचा आणि शेवटचा रात्री एकला. प्रत्येक पेशंटनंतर टेबल पुसायचं, चादर बदलायची, पीपीई किटमध्ये घामाने अंग भिजून जायचं. बाहेर पार्किंगमध्ये नातेवाईक फिल्म उन्हाकडे धरून बघत उभे असायचे, कुणी फिल्मचा फोटो काढून पुण्या-मुंबईच्या डॉक्टर भाच्याला व्हॉट्सॲप करायचं. आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, मॅडम स्कोर किती. पेशंटला धाप लागतीय का, जेवतोय का, ताप कितवा दिवस, हे कोणी बोलायचंच नाही. गावात एकमेकाला फोनवरही तेच, आमच्या ह्यांचा नऊ, तुमच्या सासऱ्यांचा किती, अगं बाई चौदा का. रेमडेसिव्हिर इंजेक्शनच्या लायनीत आधार कार्डाबरोबर सीटी रिपोर्टची झेरॉक्स घेऊन लोक उभे राहायचे. बेड शोधताना पहिला प्रश्न स्कोरचा. आख्खा माणूस त्या एका आकड्यात येऊन बसला होता.

तर हा स्कोर काय असतो ते आधी सांगते. फुफ्फुसाचे पाच भाग असतात, त्यांना लोब म्हणतात, उजव्या बाजूला तीन आणि डाव्या बाजूला दोन. प्रत्येक भाग डोळ्याने बघून अंदाज करायचा की ह्यातला किती टक्के खराब झालाय, आणि त्याला ० ते ५ मार्क द्यायचे. अगदी थोडं, म्हणजे ५ टक्क्यांच्या आत असेल तर १, पाव भागापर्यंत २, अर्ध्यापर्यंत ३, पाऊण भागापर्यंत ४ आणि त्याच्या वर ५. पाच लोबचे पाच पाच, झाले २५. ढोबळमानाने ८ पर्यंत सौम्य, १५ पर्यंत मध्यम आणि त्याच्या वर गंभीर धरायचे. आता हे "डोळ्याने बघून अंदाज" नीट वाचा, कारण त्यामुळेच एकाच फिल्मला एक डॉक्टर ११ देतील आणि दुसरे १३, आणि दोघांचंही चूक नसतं. शिवाय ४० पैकी स्कोर देण्याचीही एक पद्धत होती. एक मावशी आमच्याकडे रडत आल्या होत्या, दुसरीकडनं १८ स्कोर आलाय म्हणून, सरांनी बघितलं तर तो ४० पैकी १८ होता. मावशींना वाटलेलं २५ पैकी, आणि घरात त्या रात्री कोणी जेवलं नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट, त्याच रिपोर्टवर को-रॅड्स नावाचा अजून एक आकडा असायचा, तो लोक स्कोरमध्ये मिसळायचे. हा मार्च २०२० मध्ये नेदरलँड्सच्या रेडिओलॉजिस्ट लोकांनी काढला. ह्याच्यात फुफ्फुस किती खराब आहे हे नसतं, हे चित्र कोविडचं असण्याची शंका किती ते असतं, १ म्हणजे शंका अगदी कमी, ५ म्हणजे खूप जास्त, आणि ६ म्हणजे आरटीपीसीआर (नाकाघशातल्या स्वॅबची टेस्ट) आधीच पॉझिटिव्ह आलेला. म्हणजे को-रॅड्स ५ आणि स्कोर ३ असं अगदी आरामात असू शकतं. पण "पाच आलाय" एवढंच फोनवर सांगितलं जायचं आणि पलीकडचा माणूस घाबरून जायचा.

आता प्रत्यक्ष काय दिसतं ते. छातीच्या एका एचआरसीटीत एकेक मिलिमीटरचे साधारण तीनशे काप निघतात, काकडीचे काप करावेत तसे आडवे. निरोगी फुफ्फुस कन्सोलच्या स्क्रीनवर जवळजवळ काळं दिसतं कारण त्याच्यात हवा असते, आणि त्या काळ्यात रक्तवाहिन्यांच्या पांढऱ्या फांद्या. कर्सर त्या काळ्यावर नेला की आकडा येतो उणे ८५० च्या आसपास. हे हाऊन्सफिल्ड युनिट, हवा म्हणजे उणे १०००, पाणी म्हणजे शून्य. गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड इंजिनिअर होते, डॉक्टर नव्हते, त्यांच्या मशीनवर १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये पहिल्या पेशंटच्या डोक्याचा स्कॅन झाला आणि १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माझ्या माऊसखाली रोज शंभरदा त्यांचं नाव येतं, मला त्या माणसाबद्दल खूप आदर आहे.

व्हायरसने फुफ्फुसाला सूज आली की हवेच्या बारीक पिशव्यांमध्ये आणि त्यांच्या भिंतींमध्ये थोडं पाणी, थोड्या पेशी भरतात. हवा पूर्ण जात नाही, कमी होते. मग त्या जागी कर्सर नेला की उणे ८५० चं उणे ६०० होतं आणि स्क्रीनवर तो भाग राखाडी धुरकट दिसतो, पण त्याच्या आतल्या रक्तवाहिन्या अजून दिसत असतात. बाथरूमच्या खिडकीच्या दुधी काचेतनं पलीकडचं झाड दिसावं तसं. म्हणूनच रिपोर्टमध्ये त्याला ग्राउंड ग्लास म्हणतात. अजून भरत गेलं की रक्तवाहिन्याही दिसेनाशा होतात, सगळं घट्ट पांढरं, त्याला कन्सॉलिडेशन म्हणतात. कोविडमध्ये हे डाग बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना, खालच्या भागात, पाठीकडे आणि फुफ्फुसाच्या बाहेरच्या कडेला चिकटून असायचे. असे शेकडो बघितले की नजर तयार होते.

पण नजर तयार झाली म्हणून व्हायरस दिसतो असं नाही. मला हेच सगळ्यात जास्त सांगायचंय. सीटीमध्ये व्हायरस दिसत नाही, व्हायरसने केलेली नासधूस दिसते. पूर आला, घरात गाळ शिरला, गाळ बघून कळतं की पाणी आलेलं, पण ते कृष्णेचं की वारणेचं हे गाळ सांगेलच असं नाही. दुधी काच इन्फ्लुएंझातही येते, हृदय कमी पडून फुफ्फुसात पाणी साठलं तरी येते, काही औषधांनी येते. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला, त्या साथीच्या पेशंटच्या फिल्म नंतर आमच्या सरांनी आम्हाला शिकवताना दाखवल्या होत्या, त्यातल्या दोन तर कोविड म्हणून सहज खपल्या असत्या. थोडेफार फरक असतात, आरएसव्ही (हाही सर्दी-खोकल्याचाच व्हायरस) आणि एचएमपीव्ही बऱ्याचदा श्वासनलिकांच्या कडेकडेने जातात, ॲडेनोव्हायरस कधीकधी बॅक्टेरियाच्या न्यूमोनियासारखा एक अख्खा भागच पांढरा करून टाकतो. पण नाव पक्कं करायचं तर नाकाघशातला स्वॅबच लागतो.

वुहानमध्ये २०२० च्या सुरुवातीला १०१४ पेशंटचं सीटी आणि स्वॅब दोन्ही तपासलं होतं. स्वॅब पॉझिटिव्ह होते ५९ टक्के आणि सीटीत काहीतरी दिसलं ८८ टक्क्यांना. स्वॅब पॉझिटिव्ह असलेल्यांपैकी ९७ टक्क्यांच्या सीटीत डाग होते, आणि हाच ९७ चा आकडा जगभर फिरला, सीटी स्वॅबपेक्षा भारी म्हणून. दुसरा आकडा कोणी फिरवला नाही, की ज्यांचा स्वॅब निगेटिव्ह होता त्यातल्या चारातल्या तिघांच्या सीटीतही डाग दिसत होते. त्यातल्या काहींना खरंच कोविड असणार कारण स्वॅबही चुकतो, पण सगळ्यांना? आणि तेही ऐन साथीत, जिथे खोकणाऱ्या प्रत्येकावर संशय होता. हुबेई प्रांतात १२ फेब्रुवारी २०२० ला स्वॅबशिवाय सीटी आणि लक्षणांवरही पेशंट मोजायला घेतले तर एका दिवसात १४,८४० नवे पेशंट नोंदले गेले. त्यांच्याकडे टेस्ट पुरत नव्हत्या, त्या वेळेला ते समजण्यासारखं होतं. पण अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टच्या संघटनेने मार्च २०२० मध्येच सांगून टाकलं की कोविड आहे का हे शोधायला पहिली टेस्ट म्हणून सीटी वापरू नका. आपल्याकडे ते कोणाच्या कानावर आलंच नाही, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये स्वॅबचा रिपोर्ट यायलाच चार दिवस लागत होते तेव्हा लोक सीटीकडे धावले ह्यात लोकांची तरी काय चूक.

आता अण्णांचं सांगते. माझे वडील, तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे आमची. एप्रिल २०२१, खरड छाटणी चालू होती, आणि अण्णांना ताप आला. दादा दुसऱ्याच दिवशी त्यांना जवळच्या एका सेंटरला घेऊन गेला, मी ड्युटीवर होते, फोनवर बोलणं झालं. स्वॅब दिला आणि एचआरसीटीपण करून घेतलं. स्कोर शून्य, को-रॅड्स १. काउंटरवर सांगितलं, फुफ्फुस एकदम क्लिअर आहे, बिनधास्त जावा. दादाने मला फोन केला तेव्हा मलाही हुश्श झालं. ताप कितवा दिवस हे त्या सेंटरमध्ये कोणी विचारलं नाही, रिपोर्टवरही लिहिलेलं नव्हतं. पाचव्या दिवशी स्वॅब पॉझिटिव्ह आला, पण घरात सगळ्यांच्या डोक्यात शून्य बसलेला, अण्णांच्याही, ते गोळ्या घेऊन बागेत छाटणीच्या माणसांच्या मागे उभे राहायला लागले. ऑक्सिजन मोजायचं मशीन शेजाऱ्यांकडे होतं, ते आणून बघावं असं कोणाला वाटलं नाही. आठव्या दिवशी सकाळी आई म्हणाली ह्यांना बोलताना मधेच थांबावं लागतंय. मशीन लावलं, ८८.

चीनमधल्या १२१ पेशंटचं एक निरीक्षण मी नंतर वाचलं. लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या दोन दिवसांत ज्यांचं सीटी केलं त्यातल्या ५६ टक्क्यांचं सीटी नॉर्मल होतं. निम्म्याहून जास्त! तीन ते पाच दिवसांत हाच आकडा ९ टक्क्यांवर आला आणि सहा ते बारा दिवसांत ४ वर. म्हणजे दुसऱ्या दिवशीचा शून्य हा आंब्याला मोहोर यायच्या आत झाड बघून यंदा आंबा नाही म्हणण्यासारखा. आजार साधारण दहाव्या दिवसाच्या आसपास सगळ्यात वर जायचा. त्या सेंटरवर माझा राग होता आणि आहे, मशीन चांगलं होतं, इमेज चांगल्या होत्या, रिपोर्टपण जे दिसत होतं तेवढ्यापुरता बरोबर होता. पण "आज दुसरा दिवस आहे, हे पुढे बदलू शकतं, ऑक्सिजन मोजत राहा" एवढं एक वाक्य कोणी बोललं असतं तर अण्णा बागेत गेले नसते.

दुसरं सीटी मी स्वतः केलं. दादा त्यांना घेऊन आला तेव्हा किट, चष्मा, मास्क ह्यात अण्णांनी मला ओळखलं नाही, ते मला "मॅडम" म्हणाले. मी म्हटलं अण्णा मी आहे, तर त्यांनी नुसता हात धरला. टेबलावर झोपवलं, हात डोक्याच्या वर, गळ्यातला काळा दोरा काढून हातात घेतला. आत काचेमागे गेले आणि माइकवरनं सांगितलं, अण्णा, श्वास घ्या... धरा... त्यांना चार सेकंदही धरवेना, खोकला सुटायचा. पेशंटला श्वास धरता येत नसेल तर आम्ही स्कॅन खालून वर घेतो, कारण श्वासाबरोबर सगळ्यात जास्त हलतो तो फुफ्फुसाचा खालचा भाग, तो पहिल्या दोन-तीन सेकंदांत निघाला की वरचा भाग थोडा हलला तरी चालतं. इमेज हलली की कडा दुहेरी दिसतात आणि त्या धुरकट पट्ट्याला कोणी डाग म्हणून मोजू शकतं. तसंच घेतलं. इमेज एकेक करत वर यायला लागल्या, खालच्या दोन्ही लोबमध्ये दुधी काच, पाठीकडे घट्ट पांढरं. सरांनी १७ दिला. मी तो आकडा आईला सांगितला नाही. ॲडमिट झाले, अकरा दिवस ऑक्सिजनवर, पालथं झोपवून ठेवायचे तासन्‌तास. आणि त्याच वॉर्डात एक तरुण मुलगा होता स्कोर ९ चा, तो अण्णांपेक्षा जास्त आजारी होता. तेव्हापासून मी कोणाला नुसत्या आकड्यावरनं काही सांगत नाही.

पालथं झोपण्यावरनं आठवलं. वयस्कर माणूस उताणा झोपला की फुफ्फुसाच्या पाठीकडच्या भागावर वजन येतं आणि तिथल्या पिशव्या जरा मिटतात, इमेजमध्ये तिथे हलकी राखाडी पट्टी दिसते, अगदी सुरुवातीच्या आजारासारखी. शंका आली की सर मला सांगतात, पालथं करून दोन-चार काप घे. पालथं केलं आणि पट्टी गेली, तर ते वजनाचं होतं. राहिली, तर आजार. बिनखर्चाची गोष्ट, दोन मिनिटं लागतात, पण गर्दीत हीच दोन मिनिटं कापली जायची आणि कोणाच्या तरी नावावर उगाच स्कोर २ लागायचा.

रेडिएशनचं पण बोलते. मे २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले की एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० एक्सरे, आणि सगळीकडे घबराट झाली. आपल्याकडच्या रेडिओलॉजिस्टच्या संघटनेने लगेच सांगितलं की हे जुन्या मशीनचं आहे, आता कमी डोसचं सीटी ५ ते १० एक्सरेइतकं असतं. दोन्ही ऐकून लोक गोंधळले. माझं मत सांगते. डोस मशीनवर आणि चालवणाऱ्यावर अवलंबून असतो, नेहमीच्या छातीच्या सीटीत ६-७ मिलिसिव्हर्ट (रेडिएशनचा डोस ह्यात मोजतात), कमी डोसच्या प्रोटोकॉलमध्ये दीडच्या आसपास, आणि आपल्याला हवा-माती-आकाशातून वर्षाला तसेही ३ च्या आसपास मिळतातच. गरज असेल तर ह्याला घाबरायचं अजिबात कारण नाही. पण डॉ. गुलेरियांचं मूळ म्हणणं, की सौम्य लक्षणांत सीटी करू नका, ते शंभर टक्के बरोबर होतं आणि ते ३००-४०० च्या भांडणात वाहून गेलं. माझ्याकडे एकाच माणसाचं दहा दिवसांत तिसरं सीटी असे पेशंट आलेत, का तर स्कोर उतरला का बघायचंय म्हणून. ऑक्सिजन ९७, ताप गेलेला. २०२० च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने दर बांधून दिले ते फार बरं केलं, १६ स्लाईसच्या (एका फेरीत निघणाऱ्या कापांच्या) आतल्या मशीनला २०००, १६ ते ६४ ला २५००, त्यापुढे ३०००, पण घरातल्या पाच जणांचं प्रत्येकी दोनदा केलं तर दर बांधूनही पंचवीस हजार गेलेच की.

आता नवीन प्रश्न असतो की कॉम्प्युटर, म्हणजे एआय, फिल्म बघून आजार सांगतो म्हणे. सांगतो, आणि टीबीच्या एक्सरेत त्याचा उपयोग होताना मी बघतेय. पण कोविडच्या वेळी जे झालं ते विसरू नये. केंब्रिजच्या लोकांनी २०२१ मध्ये असल्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमवरचे २२१२ पेपर गोळा केले, चाळून ६२ नीट तपासले आणि त्यातला एकही दवाखान्यात वापरायच्या लायकीचा निघाला नाही. कारणं बघा. कोविड नसलेले म्हणून कॉम्प्युटरला जे एक्सरे दाखवले त्यातले बरेचसे चीनमधल्या १ ते ५ वर्षांच्या पोरांचे होते, आणि कोविडचे सगळे मोठ्या माणसांचे. मग तो काय शिकला, लहान की मोठा एवढंच. काही ठिकाणी सिरीयस पेशंटचे एक्सरे झोपवून काढलेले आणि बऱ्या माणसांचे उभं करून, तर तो झोपलेलं-उभं शिकला. हे वाचलं तेव्हा मला लगेच पटलं, पोर्टेबल, म्हणजे झोपलेल्या पेशंटचे खाटेवरच काढायचे एक्सरे मी स्वतः काढलेत, खांदे कसे वेगळे येतात, हृदय कसं मोठं दिसतं ते मला माहितीय.

मग मामेबहिणीला मी काय सांगितलं? दोन्ही वेळचा ताप आणि ऑक्सिजन वहीत लिही, तारखेसकट. सकाळ-संध्याकाळ सहा मिनिटं घरातल्या घरात चालून परत मोजा (पोराला चालवू नको, त्याचे झोपेत श्वास मोज आणि बरगड्या आत ओढल्या जातात का बघ). ९४ च्या खाली गेला, किंवा चालल्यावर तीन-चारने पडला, ताप पाच-सहा दिवस हटलाच नाही, किंवा कोणाला बोलताना दम लागला, तर थांबू नकोस, सरळ डॉक्टरकडे जा. डॉक्टर आधी छाती ऐकतील, साधा एक्सरे सांगतील, स्वॅब सांगतील, आणि चित्र जुळत नसेल किंवा तब्येत बिघडत असेल तर सीटी सांगतील, मग मी स्वतः येऊन करते. आणि सीटीला येताना वही घेऊन ये, कारण आता मी फॉर्मवर सगळ्यात आधी तापाचा कितवा दिवस ते लिहिते, नावाच्याही आधी, आणि सर रिपोर्टच्या पहिल्या ओळीत ते टाकतात. चौथ्या दिवशी तिचा मेसेज आला, तिघांचा ताप गेला, दाजींचा राहिलाय, ऑक्सिजन ९७, वहीचा फोटोपण पाठवलान.

अण्णांचं तिसरं सीटी ऑगस्टमध्ये केलं, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, बरं झाल्यावर फुफ्फुस किती भरून आलंय ते बघायला. ह्या वेळी श्वास धरा म्हटल्यावर त्यांनी इतका धरला की मशीन थांबलं तरी सोडेनात, मला माइकवर दोनदा सांगावं लागलं. खालच्या लोबमध्ये पाठीकडे दोन बारीक रेघा राहिल्या होत्या, केसासारख्या, बाकी सगळं काळं. काळं बघून एवढा आनंद होतो हे आमच्या फिल्डमधल्या माणसालाच कळेल. बाहेर आल्यावर अण्णांनी फिल्म हातात घेतली, ट्यूबलाइटकडे धरून उलटीसुलटी बघितली आणि मला विचारलं, "मग ऑक्टोबरची छाटणी मी धरू नव्हं?"